सगळे ट्रॅक ‘४ए’, तरी मिक्स बेसूर: आमापियानोत पट्टी आणि टेम्पो कसे सांभाळायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. डीजे कंट्रोलरवर दोन तासांचा आमापियानो (दक्षिण आफ्रिकेतलं नृत्यसंगीत) सेट. सगळे ट्रॅक ११० ते ११५ बीपीएममधले (मिनिटाला तितके ठोके), सॉफ्टवेअरने दाखवलेल्या पट्ट्या कॅमेलॉट चाकावर (पट्ट्यांना १ए ते १२बी अशी घरं देणारा गोल तक्ता) एकमेकींच्या शेजारच्या, सिंक (दोन ट्रॅकचे ठोके आपोआप जुळवणारं बटण) चालू. तरीही दोन ट्रॅक एकत्र वाजायला लागले की मिनिटभर सगळं गढूळ होतं, मध्येच बेसूर लागतं. शिवाय शेवटच्या अर्ध्या तासात १२० च्या ॲफ्रो हाऊसवर जायचं आहे, ते कसं?

चाकाला दोष देऊ नका. गडबड दोन ठिकाणी असते: लॉग ड्रममध्ये, म्हणजे आमापियानोच्या घुमणाऱ्या बेसमध्ये, आणि की लॉकच्या (टेम्पो बदलला तरी सूर जागेवर ठेवणाऱ्या) बटणात. आधी लॉग ड्रम बघू, कारण बहुतेक गढूळपणा तिथून येतो.

हाऊस किंवा टेक्नोत बेस बहुतेक वेळ एक-दोन सुरांवर बसून असतो आणि ठोका किकचा असतो. आमापियानो दक्षिण आफ्रिकेतल्या गाउटेंगच्या टाउनशिपांमध्ये २०१० च्या दशकाच्या मध्यात डीप हाऊस, जॅझ आणि क्वाइटो यांच्या मिश्रणातून घडला. त्यात किक मऊ, कधी कधी नावापुरतीच असते. ठोका, बेस आणि चाल ही तिन्ही कामं लॉग ड्रम एकटा करतो. हा आवाज मुळात एफएल स्टुडिओ या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या डीएक्स१० या सिंथच्या एका तयार प्रीसेटमधून आला आणि त्याला आजचं रूप देण्याचं श्रेय सहसा एमडीयू ऊर्फ टीआरपी या निर्मात्याला दिलं जातं. डग्ग्यावर मनगट सरकवलं की जो घुमारा येतो, तसाच हा सुरावरून सुरावर घसरतो. फरक एवढाच की इथे तो घुमारा पट्टीतल्या नेमक्या सुरावर जाऊन थांबतो. म्हणजे तुमच्या मिक्समधला सगळ्यात जड आवाज हा सुरेल वाद्याचा आहे.

आता असे दोन लॉग ड्रम एकत्र वाजले तर काय होतं? खालचा एफ ४३.६५ हर्ट्झचा, त्याच्या शेजारचा एफ शार्प ४६.२५ चा. दोन्ही एकदम लागले की सेकंदाला अडीचेक वेळा बेस फुगतो आणि बसतो. ही झाली पट्टी चुकल्याची गोष्ट. पण पट्टी तंतोतंत जुळली तरी त्या क्षणी एकाचा लॉग ड्रम एफवर असेल आणि दुसऱ्याचा ए फ्लॅटवर, म्हणजे ५१.९१ हर्ट्झवर. वरच्या सप्तकात हे दोन सूर गोड लागतात. सबवूफरच्या पट्ट्यात तेच अंतर नुसतं घरघरतं. म्हणून दोन लॉग ड्रम एकाच पट्टीचे असले तरी कधीच एकत्र वाजवायचे नाहीत. पट्टी जुळवायची ती कॉर्ड्स आणि गळा यांच्यासाठी. लॉग ड्रमचा प्रश्न वेळ साधून सोडवायचा असतो, चाकावर त्याचं उत्तर नाही.

इथे बरेच जण म्हणतात, मी लो नॉब (मिक्सरवर तळाचा आवाज कमी-जास्त करणारा) पूर्ण खाली करतो की. ते पुरत नाही. डीजेएम-९००एनएक्सएस२ सारख्या मिक्सरवर लो नॉब ७० हर्ट्झभोवती आणि मिड १ किलोहर्ट्झभोवती बेतलेला असतो. लॉग ड्रमचा खालचा घुमारा लो कापल्यावर जातो, पण त्याचा लाकडी ‘ठोक’ साधारण १५० ते ४०० हर्ट्झमध्ये असतो आणि तो लो-मिडच्या मधल्या फटीतून आरामात ऐकू येत राहतो. स्वर ओळखू येतो तो याच भागातून. त्यामुळे जाणाऱ्या ट्रॅकचा लो शून्यावर नेताना मिडही दहा-अकरा वाजेपर्यंत (नॉब घड्याळाच्या काट्यासारखा धरा, बारा म्हणजे मधोमध) खाली आणा, किंवा सरळ हायपास फिल्टर वापरा. फिल्टर खालून वर सलग कापत जातो, त्यामुळे तो ‘ठोक’ही उचलला जातो.

आता पट्टी. कॅमेलॉटचे आकडे सोयीचे आहेत, पण त्यांच्यामागे काय आहे ते कळलं तर निम्मे अपघात टळतात. पेटीवर हात असलेल्यांना हे लगेच कळेल. ४ए म्हणजे एफ मायनर, आपल्या भाषेत सा पांढरी चार. ५ए म्हणजे सी मायनर, पांढरी एक. ३ए म्हणजे बी फ्लॅट मायनर, काळी पाच. चाकावर एक घर पुढे गेलात की नवा सा जुन्याच्या पंचमावर येतो. एक घर मागे गेलात की मध्यमावर. षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम भाव, दुसरं काही नाही. आकडा तोच ठेवून ए चं (मायनरचं) बी (मेजर) केलंत तर सूर सगळे तेच राहतात, फक्त सा बदलतो.

साधा मायनर म्हणजे आसावरी थाट: ग, ध, नी कोमल. ४ए आणि ५ए यांच्या सात सुरांपैकी सहा सामाईक आहेत. जो एक वेगळा आहे तो ४ए चा कोमल धैवत, म्हणजे डी फ्लॅट. ५ए मध्ये त्याजागी डी आहे, त्यांचा शुद्ध रिषभ. आमापियानोच्या कॉर्ड्स बहुतेक मायनर नाइन्थ असतात, म्हणजे ५ए च्या मुख्य कॉर्डमध्ये हा डी हमखास असतोच. त्यामुळे ४ए वरून ५ए वर जाताना धोका एकाच ठिकाणी: जुना ट्रॅक धैवतावरच्या कॉर्डवर, डी फ्लॅट मेजर सेव्हन्थवर, जातो तेव्हा. चार बारच्या (एक बार म्हणजे चार मात्रा) फेऱ्यात ही कॉर्ड सहसा एक बार टिकते. तेवढ्या बारला मिड दाबा, किंवा ती कॉर्ड वगळून लूप लावा. ३ए आणि ४ए मध्ये हाच नियम, फक्त आता काळजी ३ए च्या धैवताची. कुठल्याही शेजाऱ्यांच्या जोडीत लहान आकड्याच्या ट्रॅकचा धैवत पाहायचा (१२ आणि १ च्या जोडीत १२ चा).

दोन घरांची उडी, उदाहरणार्थ ४ए वरून ६ए, सेटचा जोर वाढवते, पण दोन सूर भिडतात. कॉर्ड्स एकमेकांवर ठेवू नका. सात घरं पुढे, ४ए वरून ११ए, म्हणजे अख्खी पट्टी अर्ध्या सुराने वर. दोनच सूर सामाईक. ही उडी ब्रेकडाउननंतर (ठोका थांबून ट्रॅक मोकळा होतो त्या भागानंतर) एका ठोक्यात घ्यायची, मिसळायची नाही.

मग चाकावर सगळं जुळत असतानाही बेसूर का? एक कारण सॉफ्टवेअरच चुकतं. एफ मायनर नाइन्थमध्ये एफ, ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट, जी हे पाच सूर असतात. त्यातच ए फ्लॅट मेजर पूर्ण आहे आणि सी मायनरही पूर्ण आहे. मुख्य सूर बहुतेक वेळा घसरत्या लॉग ड्रमकडे, त्यामुळे यंत्राला आधार सापडत नाही आणि ते ४ए च्या जागी ४बी किंवा ५ए लिहून मोकळं होतं. ४बी लिहिलं तर बिघडत नाही, सूर तेच आहेत. ५ए लिहिलं तर तुम्ही एक घर पुढे म्हणून लावलेला ६ए खरा दोन घरं पुढचा निघतो. दुसरी गंमत अशी की जॅझकडे झुकणारे निर्माते पुष्कळदा शुद्ध धैवत घेतात. कोमल ग, कोमल नी आणि शुद्ध ध, म्हणजे आपला काफी थाट. अशा एफच्या ट्रॅकमध्ये सूर ५ए चे असतात आणि सा ४ए चा.

तपासायची रीत सोपी आहे. लॉग ड्रम येण्यापूर्वीचा फक्त कॉर्ड्सचा चार बारचा भाग लूप करा, फोनवरच्या पियानो ॲपवर किंवा पेटीवर सा शोधा, मग धैवत कोमल की शुद्ध ते ऐका. एका ट्रॅकला अर्धा मिनिट लागतो. कॉमेंटच्या रकान्यात ‘४ए, शुद्ध ध’ असं लिहून ठेवा. असा ट्रॅक ५ए बरोबर एकही सूर न भिडता बसतो. पट्टी शोधताना लॉग ड्रमवर विसंबू नका, तो फसवतो.

दुसरं कारण टेम्पोचं, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. की लॉक बंद असताना टेम्पो बदलला की सूरही बदलतो. एक अर्धसूर म्हणजे १०० सेंट धरले तर १ टक्का टेम्पो म्हणजे सुमारे १७ सेंट. समजा एक ट्रॅक मूळ ११० चा आणि दुसरा ११४ चा, दोन्ही ४ए, आणि तुम्ही दोन्ही ११३ वर आणलेत. पहिला साडेसेहेचाळीस सेंट चढला, दुसरा पंधरा उतरला. अंतर ६२ सेंट. स्क्रीनवर दोघांपुढे ४ए लिहिलेलं आहे आणि कानाला अर्धसुराच्या निम्म्याहून जास्त फरक लागतो आहे. लक्षात ठेवायचं ते असं: या वेगाला मूळ बीपीएममधला दर १ चा फरक म्हणजे सुमारे १५ सेंट. तुम्ही ते कुठल्या टेम्पोवर वाजवता याने हे अंतर बदलत नाही. १ चा फरक की लॉकशिवाय चालून जातो. २ असेल आणि कॉर्ड्स लांब एकत्र राहणार असतील तर की लॉक लावा. ३ किंवा जास्त असेल तर लावायलाच हवा, दोन्ही डेकवर. एका डेकवर लावून दुसरा सोडला की पुन्हा तेच.

की लॉक फुकट मिळत नाही. तो आवाजाचे बारीक तुकडे ताणतो किंवा आवळतो, आणि लॉग ड्रमची घसरण व सुरुवातीचा ‘ठोक’ या दोन गोष्टी त्याला सगळ्यात जड जातात. ३ टक्क्यांपर्यंत बहुतेक यंत्रांवर काही कळत नाही. ५-६ टक्क्यांपुढे ‘ठोक’ बोथट होतो, घसरण थरथरते. की शिफ्टचंही (टेम्पो न बदलता पट्टी हलवण्याचंही) तसंच आहे: सीडीजे-३००० या प्लेअरवर किंवा कंट्रोलरवर एक अर्धसूर वर-खाली ठीक, दोन केलेत की गाणाऱ्याचा गळा नकली वाटायला लागतो.

सिंकबद्दल. आमापियानोत सुरुवातीला किक नसते, शेकर झुलत असतो आणि लॉग ड्रम पुष्कळदा समेच्या आधीच पडतो. त्यामुळे सॉफ्टवेअर कधी ११२ चे ७४.६७ वाचतं, कधी १४९.३३, आणि कधी टेम्पो बरोबर पण सम चुकीची. ग्रिड (सॉफ्टवेअरने ट्रॅकवर आखलेल्या ठोक्यांच्या रेघा) हाताने तपासा. हे ट्रॅक संगणकावर घडलेले असतात आणि बहुतेकांचा टेम्पो पूर्णांक असतो, ११२.९८ दिसलं तर ११३.०० करून ट्रॅकच्या शेवटी ग्रिड बसते का पाहा. ०.०२ ने काय होतं असं वाटत असेल तर हिशेब करा: ६४ बारमध्ये २४ मिलिसेकंदांची घसरण होते आणि दोन शेकर ‘टक्’ऐवजी ‘टर्रक्’ वाजायला लागतात.

ग्रिड बरोबर असूनही ‘टर्रक्’ येत असेल तर ती झोक्याची भानगड आहे. प्रत्येक निर्माता शेकरला वेगळा स्विंग देतो. ११३ वर एक सोळावा भाग १३३ मिलिसेकंदांचा. एकाचा स्विंग ५४ टक्के आणि दुसऱ्याचा ६० टक्के असेल तर मधले ठोके सोळा मिलिसेकंदांनी चुकतात. यावर कुठलंही सिंक चालत नाही. एकाचा हाय नऊ वाजेपर्यंत खाली करा. दोन शेकरांपैकी एकच ऐकू यायला हवा.

आता प्रत्यक्ष जोड. प्रत्येक ट्रॅकवर चार खुणा पुरतात: कॉर्ड्स सुरू होतात तिथे, लॉग ड्रम पहिल्यांदा पडतो तिथे, त्याच्या बरोबर ३२ बार आधी, आणि शेवटचा लॉग ड्रम थांबतो तिथे. ११२ वर ३२ बार म्हणजे ६८.६ सेकंद, १६ बार म्हणजे ३४.३. नव्या ट्रॅकची ‘३२ बार आधी’ची खूण जुन्याच्या ‘लॉग ड्रम थांबतो’च्या ३२ बार आधी सोडा. म्हणजे जुन्याचा लॉग ड्रम जिथे संपतो तिथेच नव्याचा पडेल, आणि मधल्या मिनिटात नव्याचे शेकर, तालवाद्यं, मग कॉर्ड्स हळूहळू शिरतील. नवा ट्रॅक सोडताना लो साडेनऊला, मिड अकराला, हाय दहाला. पहिले १६ बार फक्त फेडर (चॅनेलचा आवाज वाढवणारा सरकता दांडा) वर न्या. पुढच्या १६ बारमध्ये हायची अदलाबदल करा, मग मिड. लो शेवटी, आणि हळूहळू नाही, एकदम.

ती अदलाबदल नेमकी कधी हा नाजूक भाग आहे. बरेच जण सम पकडून नॉब फिरवतात आणि तेवढ्यात जुन्याचा लॉग ड्रम समेच्या आधीच्या सोळाव्या भागावर एक उचल घेऊन जातो, तिची शेपटी नव्याच्या पहिल्या ठोक्यावर पडते. म्हणून जुन्याचा लो शेवटच्या बारच्या चौथ्या मात्रेलाच काढा. ११२ वर ती मात्रा ०.५४ सेकंदाची. तेवढा काळ खाली काहीच नाही. तबलजी तिहाईतला दम घेतो तसा. नव्याचा लॉग ड्रम त्यानंतर आला की दुप्पट जड वाटतो, आणि गेन वाढवावा लागत नाही. फक्त नव्या लॉग ड्रमचीही अशीच उचल आहे का ते आधी ऐकून ठेवा. असेल तर त्याचा लो तीच मात्रा सुरू होताना उघडा, नाही तर पहिलाच घाव लंगडा पडेल.

गेनवरून आठवलं. लॉग ड्रम मीटर खातो. प्रस्तावनेवर ट्रिम (चॅनेलचा गेन ठरवणारा नॉब) लावलात की लॉग ड्रम पडताच लाल दिवे लागतात. ट्रिम नेहमी लॉग ड्रम चालू असलेल्या भागावर लावा. व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फाइलींचा तळ बहुतेक वेळा आधीच चिरडलेला असतो. त्या मोठ्या साउंडवर लावू नका, विकत घ्या.

दोन गळे कधीच एकत्र नकोत, पट्टी जुळली तरी. झुलू, सोथो, त्सोत्सीताल या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषा-बोलींतले शब्द आपल्याला कळत नाहीत म्हणून ते नुसता पोत आहेत असं धरू नये. ज्याला कळतात तो श्रोता त्या गर्दीत असू शकतो.

सगळ्या आमापियानोला पट्टीची काळजी सारखीच लागत नाही. केल्विन मोमो या निर्मात्याच्या वळणाचा, ज्याला प्रायव्हेट स्कूल म्हणतात, त्यात कॉर्ड्स दाट, गळा लांब. तिथे चाक काटेकोर पाळा आणि जोड लांब ठेवा, ३२ ते ६४ बार. जिथे लॉग ड्रम आणि ठोकाच सर्वस्व आहे, कॉर्ड्स नावाला, तिथे पट्टी फक्त लॉग ड्रमपुरती उरते आणि तो तर तुम्ही एकत्र वाजवणारच नाही. ८-१६ बारमध्ये कापा, वाटेल त्या घरात जा. प्रिटोरियाच्या बाकार्डी या हाऊस शैलीकडे झुकणाऱ्या ट्रॅकमध्ये तालवाद्यंच इतकी असतात की ते पुलासारखे वापरता येतात: ४ए वरून ९ए वर जायचं असेल तर मध्ये असा एखादा ट्रॅक, त्याचा ८ बारचा नुसत्या तालाचा लूप, आणि पलीकडे नवी पट्टी. पट्टीचा प्रश्न दोन सुरेल गोष्टी एकत्र वाजतात तेव्हाच येतो, हे विसरून लोक उगाच चांगले ट्रॅक बाजूला ठेवतात.

सेटची बांधणी करताना प्रत्येक ट्रॅकला पट्टी बदलू नका. ४ए मध्ये दोन-तीन ट्रॅक, मग ५ए मध्ये दोन, ५बी मध्ये एक उजळ गळ्याचा, परत ५ए, मग ६ए. टेम्पो ११० वर सुरू करून दर तीन-चार ट्रॅकमागे १ वाढवा, तोही एकच ट्रॅक वाजत असताना, ब्रेकडाउनमध्ये. टेम्पोचा स्लायडर ±६ टक्क्यांच्या पल्ल्यावर ठेवा. सीडीजेवर त्यात ०.०२ टक्क्याची बारीकी मिळते, वाइड या सगळ्यात मोठ्या पल्ल्यावर अर्धा टक्काच.

राहिलं १२०. ११२ वरून १२० म्हणजे ७.१ टक्के, आणि लॉग ड्रम एवढं सोसत नाही. सूर लॉक केला तरी झोका घाईचा होतो; ११७ च्या पुढे तो आमापियानो राहत नाही. म्हणून ओझं दोन्हीकडे वाटा. मूळ ११४-११५ चे दोन ट्रॅक शेवटी राखून ठेवा, ते ११६-११७ वर न्या, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आतबाहेर. समोर ११९ चा, दीर्घ तालवाद्यांच्या प्रस्तावनेचा ॲफ्रो हाऊस ट्रॅक निवडा आणि तो ११७ वर उतरवा, १.७ टक्के. की लॉक दोन्हीकडे. जोड तालावर करा, जुन्याचा लॉग ड्रम गेल्यानंतरच नव्याची दर मात्रेला पडणारी किक पूर्ण उघडा. दोन तळ इथे सगळ्यात जास्त भांडतात. मग तो एकटा वाजायला लागला की पुढच्या ३२ बारमध्ये स्लायडर सावकाश सोडत ११९ वर न्या, आणि १२० चा ट्रॅक त्याच्या पुढे लावा. इतका वेळ हाताशी नसेल तर जुन्याच्या शेवटच्या गळ्यावर एक मात्रेचा एको टाका, फेडर पाडा आणि १२० चा ट्रॅक त्याच्या पहिल्या किकवर सोडा. एको ११२ च्याच चालीने विरत जाईल, म्हणून तो चार मात्रांच्या आत संपेल इतकाच ठेवा.